अक्षया मॅडमनी न विचारलेला प्रश्न

आजच्या या निरोप समारंभाचे अध्यक्ष आणि आपल्या संस्थेचे चेअरमन आदरणीय आत्माराम शिवलकर साहेब, मुख्याध्यापक सुजय नागवेकर सर, व्यासपीठावरील सर्व मान्यवर, शिक्षक-शिक्षिका, शिक्षकेतर कर्मचारी, समोर बसलेले पालक, मागे दाराशी उभ्या असलेल्या माझ्या वाडीतल्या बायका, विद्यार्थी मित्रमैत्रिणींनो, आणि ज्यांच्यासाठी आपण सगळे या उकाड्यात जमलो आहोत त्या आपल्या समुपदेशक अक्षया इंगवले मॅडम, तुम्हा सर्वांना माझा नमस्कार आणि सलाम.

मी सुरय्या मुकादम. पालक-शिक्षक संघाची उपाध्यक्ष, आणि भाट्याच्या पुलापलीकडे आमच्या गावात अंगणवाडी सेविका. मला नागवेकर सरांनी पाच मिनिटं दिली आहेत. सर, पाच मिनिटांत माझी अंगणवाडीतली पोरंसुद्धा गप्प होत नाहीत, तेव्हा थोडं सांभाळून घ्या.

माझ्या आधीच्या वक्त्यांनी मॅडमबद्दल पुष्कळ चांगलं सांगितलं. त्या प्रेमळ आहेत, हसतमुख आहेत, मुलांच्या लाडक्या आहेत. सगळं खरं आहे. पण मला विचाराल, तर या बाईंशी माझी पहिली ओळख झाली तेव्हा मला त्यांचा भयंकर राग आला होता. हसू नका. मॅडम स्वतः हसतायत, त्यांना पुढचं माहीत आहे. हे सांगू का, ते मी त्यांना आधी विचारलं आहे. त्या म्हणाल्या, "सुरय्याताई, माझं कौतुक करणारी माणसं बरीच आहेत. तुम्ही घडलं ते सांगा." म्हणून घडलं ते सांगते.

टाळेबंदी उठून शाळा नीट सुरू झाल्या, त्याच्या पुढच्या वर्षीची गोष्ट. माझी मुलगी झारा तेव्हा नववीत होती. पाचवीपासून याच शाळेत. अभ्यासात बरी, बोलायला तर विचारूच नका. त्या वर्षी ती एकदम गप्प झाली. सकाळी पोटात दुखतं म्हणायची. एसटी चुकवायची. वर्गात डुलक्या काढायची. वर्गशिक्षकांनी तिला समुपदेशनाच्या खोलीत पाठवलं. मॅडम तेव्हा नव्या होत्या, यजमानांच्या बदलीमुळे कोल्हापूरहून इथे आलेल्या.

मॅडमनी मला शाळेत बोलावून घेतलं. मी बाहेर पडताना बुरखा घालते, तसा त्या दिवशीही घातला होता. मी खुर्चीवर बसले आणि मॅडम माझ्याशी बोलायला लागल्या, हळूहळू, मोठ्यानं, आणि हिंदीत. "भाभीजी, आपकी बेटी घर में ठीक से सोती है क्या?" मी म्हटलं, "झोपते हो मॅडम, पण उशिरा." त्या पुन्हा हिंदीत. मी पुन्हा मराठीत. असं आमचं बराच वेळ चाललं. त्यांनी विचारलं, घरी कोण कोण असतं, झाराचे अब्बा काय करतात, घरात तिच्यावर काही दबाव आहे का, तिला पुढे शिकवायचं आहे ना. मी काय काम करते, हे त्यांनी विचारलं नाही. मीही सांगितलं नाही. त्यांनी आपल्या मनाशी ठरवलं असावं की ही बाई घरात असते आणि घरात जे सांगतील ते ऐकते.

आता त्याच सुमाराला आमच्या घरी लग्न होतं. माझ्या धाकट्या नणंदेचं. झारा हातावर मेंदी काढून शाळेत गेली. मॅडमनी विचारलं, "घरी काय आहे गं?" ती म्हणाली, "निकाह आहे." "कुणाचा?" असं मॅडमनी विचारलं नाही. पोरगी खाली मान घालून बसली होती, डोळ्यांखाली काळं होतं, हातावर मेंदी होती. मॅडमना वाटलं, जे विचारायचं ते आपल्याला कळलं.

बंधुभगिनींनो, मेंदीच्या दिवशी आमच्या अंगणात मांडव होता. आंजर्ल्याहून नवऱ्या मुलाकडची माणसं आली होती. सरबत चाललं होतं. आणि फाटकातून ग्रामसेवक गंगारामभाऊ आत आले, बरोबर एक महिला पोलीस. गंगारामभाऊंची आणि माझी ओळख जुनी. गावात बाल संरक्षण समिती असते, तिच्या बैठका मी घेते, आणि अल्पवयीन मुलीचं लग्न लागणार असं कळलं की गंगारामभाऊंना कळवते ती मीच. भाऊ दारात उभे राहिले, घाम पुसला, आणि म्हणाले, "सुरय्याताई, तक्रार आली की यावं लागतं. तुम्हाला मी काय सांगू?"

मी म्हटलं, "कुणाच्या घराची तक्रार?"

ते म्हणाले, "तुमच्या."

मांडवातले पाहुणे उठून उभे राहिले. नवऱ्या मुलाचे वडील म्हणायला लागले, "इथं पोलीस कशाला? आम्हाला न सांगितलेलं काही आहे का?" माझ्या सासूबाई तिथेच पायरीवर बसल्या. त्यांच्या लेकीचं लग्न किती वर्षांनी जमलं होतं ते त्यांनाच ठाऊक. तेवढ्यात माझी नणंद मेंदीचे दोन्ही हात पुढे धरून बाहेर आली. लॅबमध्ये नोकरी करते ती, कुणाला घाबरत नाही. म्हणाली, "नवरी मी आहे. माझं वय विचारायला आलात? लिहून घ्या, तेहतीस. आणि अठरा पूर्ण झालीत का ते बघायचं असेल तर आधार कार्ड आत आहे."

आता तुम्ही हसता. मीही आता हसते. त्या दिवशी आमच्या घरात कुणी हसलं नाही. पाहुण्यांची समजूत घालता घालता आमच्या तोंडचं पाणी पळालं. लग्न लागलं, अल्लाची मेहरबानी. पण माझे यजमान अस्लम जहाजावर होते, तक्रार शाळेतून गेली हे त्यांना फोनवर कळलं, आणि ते एवढंच म्हणाले, "झाराला त्या शाळेतून काढ. दापोलीला मामूंकडे ठेव. जिथं आपल्याला असं समजतात तिथं पोर नको." मीही तेच ठरवलं होतं. दाखला काढायला कधी जायचं, एवढंच राहिलं होतं.

अशात एका दुपारी अक्षया मॅडम आमच्या घरी आल्या. एकट्या. एसटीनं, मग पाखाडीच्या पायऱ्या उतरून चालत. मी त्यांना आत या म्हटलं नाही. पडवीत बाकडं होतं, तिथं बसवलं. माझ्या सासूबाई आतून म्हणाल्या, "अगो सुरय्या, पाणी तरी दे त्या बाईला." मी म्हटलं, "देते, पण आधी बोलूदे." पाहुण्याशी असं वागू नये हे मला कळतं. पण त्या दिवशी मी वागले ते मला आजही चुकीचं वाटत नाही.

मॅडमनी सुरुवात केली, "भाभीजी, मैं आपसे..."

मी म्हटलं, "मॅडम, तुम्ही कोल्हापूरच्या, मी रत्नागिरीची. ही हिंदी कुणासाठी चाललीय?"

त्या थांबल्या. मग मराठीत म्हणाल्या, "तुम्ही पहिल्या दिवसापासून मराठीत बोलत होतात. मला ते ऐकू येत होतं, पण मी हिंदीच बोलत राहिले. का, ते मलाच सांगता येत नाही."

मी म्हटलं, "माफी मागायला आला असाल तर मागा. परतीची एसटी चुकेल."

"माफी मागायचीच आहे," त्या म्हणाल्या. "तुमच्या घरी मी माणसं पाठवली ती फक्त एका मेंदीवरून. दुसऱ्या कुठल्या मुलीच्या हातावर मेंदी दिसली असती तर मी विचारलं असतं, 'कुणाचं लग्न?' तुमच्या मुलीला विचारलं नाही. पण सुरय्याताई, लग्नाचं खोटं निघालं म्हणून झाराचं दुखणं खोटं होत नाही. ती झोपत नाही हे खरं आहे. का झोपत नाही, ते मला अजून माहीत नाही. तुम्हाला माहीत आहे का?"

मी आई. दुसऱ्यांच्या पोरांची वजनं घेते, उंची मोजते, कुणाचं पोर खात नाही ते माझ्या ध्यानात येतं. आणि माझं पोर का झोपत नाही, ते मला ठाऊक नव्हतं.

झारा आतल्या दाराशी उभी होती. मॅडमनी तिच्याकडे बघितलं आणि विचारलं, "झारा, शाळेत काय होतं गं?"

पोरगी म्हणाली, "मॅडम, तुम्ही आजवर घरचंच विचारलंत. शाळेचं कधी विचारलंतच नाही."

आणि मग ती बोलायला लागली. क्रिकेटची मॅच झाली होती, तेव्हापासून वर्गातली काही मुलं तिला 'पाकिस्तान' म्हणायला लागली होती. हजेरीला तिचं नाव आलं की मागच्या बाकावरून आवाज यायचा. एकदा एका सरांच्या तासाला आवाज आला, तर सरांनाही हसू आलं, आणि ते पुढचं नाव घेऊन मोकळे झाले. पाचवीपासून तिच्याशेजारी बसणारी ईशा एक दिवस दप्तर उचलून दुसऱ्या बाकावर गेली. का गेली ते सांगितलं नाही. झारा म्हणाली, "रात्र झाली की उद्या हजेरी आहे हेच डोक्यात यायचं."

मी विचारलं, "मला का नाही सांगितलंस?"

"तुला सांगितलं असतं तर तू अब्बांना सांगितलं असतंस. अब्बांनी शाळेतून काढलं असतं."

आणि आम्ही तेच करायला निघालो होतो.

मॅडम उठल्या. मी तेव्हा पाणी दिलं. त्या उभ्यानंच प्यायल्या आणि म्हणाल्या, "मला दाखला काढण्यापूर्वी थोडे दिवस द्या."

पुढचं मी ऐकलेलं सांगते, नागवेकर सरांकडून. मॅडमनी शिक्षकांची सभा बोलवायला लावली. सगळ्यांना वाटलं, आता बाई वर्गशिक्षकांना धारेवर धरणार. त्या उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, "ज्या वर्गात ही मुलगी दिवसभर बसते, त्या वर्गात काय होतं ते मी तिला विचारलं नाही. घरी काय होतं तेच विचारत राहिले. कारण उत्तर मला आधीच माहीत होतं. मुसलमान घर, गप्प मुलगी, म्हणजे लग्न. हे मला कुणी शिकवलं नव्हतं, पण ते माझ्या डोक्यात तयार होतं. मी हे काम शिकून आलेय, तरी होतं. तुमच्या डोक्यात काय तयार आहे, ते तुमचं तुम्ही बघा."

सभेत कुणीतरी सुचवलं की एकात्मतेचा कार्यक्रम घेऊ, झारा भाषण करील. सुचवणाऱ्यांचा हेतू चांगलाच होता. मॅडमनी नाही म्हटलं. "झारानं का बोलायचं? तिनं काय केलंय?" मग मॅडम त्या मुलांपैकी एकेकाला घेऊन बसल्या. काय बोलल्या ते त्या कुणाला सांगत नाहीत, आणि ते बरोबरच आहे. मुलांची नावं मी घेणार नाही, आता ती मोठी झाली आहेत. ती काही झाराचे मित्र झाली नाहीत. पण आवाज बंद झाला. आणि ज्या सरांना हसू आलं होतं, ते एके दिवशी हजेरी घेताना झाराच्या नावाशी थांबले आणि भर वर्गात म्हणाले, "त्या दिवशी मी हसलो. ते चुकलं." सर आज इथं आहेत. सर, ही गोष्ट पोरीनं घरी येऊन सांगितली तेव्हा माझ्या सासूबाईंनी तुमच्यासाठी दुवा मागितली होती, ते तुम्हाला पोचवायचं राहिलं होतं.

झाराचा दाखला आम्ही काढला नाही.

त्यानंतर मॅडमचा मला अधूनमधून फोन यायला लागला. "सुरय्याताई, एका मुलाबद्दल मला असं असं वाटतंय. ते खरं आहे की माझ्या डोक्यातलं?" मी एकदा सांगून टाकलं, "मॅडम, मला अख्ख्या समाजाची मुखत्यार करू नका. मला माझं घर माहीत आहे, आणि तेही किती माहीत आहे ते तुम्ही पाहिलंत." त्या म्हणाल्या, "तेवढं सांगितलंत तरी पुरे. मग मी त्या घरी जाऊनच विचारते." आणि जायच्या. राजिवड्यात जायच्या, मिरकरवाड्यात बंदरावरच्या घरांत जायच्या, कातळावरच्या वाड्यांत जायच्या. पहिल्या पहिल्यांदा त्यांना मासळीचा वास सहन होत नसे, पदर नाकाला जायचा. तेही त्यांनी ओळखलं आणि पदर खोचून जायला लागल्या. आता तर बांगडा माझ्यापेक्षा चांगला पारखतात.

इथं माझं भाषण संपवलं असतं तर नागवेकर सर खूश झाले असते. पण अजून एक सांगायचं आहे, आणि ते सांगायला मी ईशाची परवानगी घेतली आहे. ती म्हणाली, "मावशी, माझं नाव घेऊन सांगा."

झारा दहावीत गेली. ईशा त्याच वर्गात. ईशाचे आईवडील मूळचे कोल्हापूरकडचे, हातखंब्याला हायवेवर त्यांचं छोटं हॉटेल. वडील रामभाऊ. मॅडम कोल्हापूरला जाता-येता तिथं थांबायच्या. आपल्या बोलीत बोलणारं माणूस परमुलखात भेटलं की बरं वाटतं, कुणालाही वाटेल. रामभाऊ त्यांना ताई म्हणायचे, चहाचे पैसे घेत नसत.

ईशा शाळेत यायची बंद झाली. कुणी म्हणे आई आजारी आहे, हॉटेलात मदतीला राहिलीय. झारा मॅडमकडे गेली आणि म्हणाली, "मॅडम, ईशाचं लग्न ठरवलंय. तिनं स्टँडवर मला रडत सांगितलं."

मॅडम म्हणाल्या, "छे गं! रामभाऊंना मी ओळखते. आमच्याकडचे आहेत, असं नाही करायचे ते."

झारा दाराकडे वळली. मॅडमनी तिला हाक मारली. "थांब. तुझ्या घरी मी एका मेंदीवरून माणसं पाठवली. आणि इथं तू मला सरळ सांगतेयस, तरी मी 'छे' म्हणतेय."

त्याच दिवशी त्यांनी मला फोन केला. "तुम्ही येता का माझ्याबरोबर? मी एकटी गेले तर रामभाऊंच्या गोड बोलण्यावर परत येईन, अशी मला भीती वाटते." मी गेले.

रामभाऊंनी आमचं स्वागत केलं. "या की ताई, बसा. च्या टाकतो." मग माझ्याकडे बघून, "ह्या कोन?"

मॅडम म्हणाल्या, "माझ्या सहकारी आहेत. रामभाऊ, ईशा कुठाय?"

ईशा आत भांडी घासत होती. आईची तब्येत चांगली होती, समोर भजी तळत होती. मॅडमनी सरळ विचारलं, आणि रामभाऊंनी सरळ सांगितलं. "जागा चांगली आलीया ताई. पोराकडं बागाईत हाय. पोरगी शानी हाय, खरं आमी हायवेवर ऱ्हातो, दिवसभर ट्रकवाल्यांची ये-जा. जीव टांगणीला असतोय आमचा. तुमाला म्हाईत न्हाई का?"

मी त्यांना कायदा सांगितला. गावात सांगते तसाच, न ओरडता. त्यांनी माझ्याकडे बघितलंच नाही, मॅडमकडेच बघत राहिले. म्हणाले, "तुमी आमच्यातल्या असून ह्यांना घिऊन आला?"

मॅडम म्हणाल्या, "तुमच्यातली आहे, म्हणूनच यायला उशीर केला, रामभाऊ. दुसऱ्याचं घर असतं तर आधीच आले असते."

रामभाऊ काही लगेच वळले नाहीत. मंडळी, कुणी लगेच वळत नाही. तिथल्या ग्रामसेवकांना कळवावं लागलं, समितीपुढं बसावं लागलं, नवऱ्या मुलाकडच्यांना निरोप गेला. मॅडमच्या गावापर्यंत बोभाटा झाला, त्यांच्या सासरची माणसं त्यांना म्हणाली की परक्या मुलखात जाऊन आपल्याच माणसांची बेअब्रू कशाला करता? रामभाऊ त्यानंतर मॅडमशी बोलायचे बंद झाले. मॅडमना याचं वाईट वाटलं. आजही वाटतं, मला माहीत आहे. पण भजी तळणारी ती आई निघताना आमच्यामागून रस्त्यापर्यंत आली होती, आणि तिनं माझा हात धरून "परत या" एवढंच म्हटलं होतं. म्हणून आम्ही परत जात राहिलो.

ईशा दहावी पास झाली. ट्रकवाल्यांची भीती खोटी नव्हती, म्हणून मॅडमनी खटपट करून तिची मुलींच्या वसतिगृहात सोय केली. यंदा तिनं आणि झारानं बारावीची परीक्षा दिली. बाक कुठला, कोण उठून गेलं होतं, हे त्या दोघी एकमेकींशी कधी बोलल्या का, मला ठाऊक नाही. मी विचारलेलं नाही. ईशा आज तिसऱ्या रांगेत बसली आहे. उभी राहू नकोस बाय, बस.

आता सांगा, मी मॅडमचं कौतुक कशाचं करू? त्यांच्या डोक्यात काही नव्हतं, म्हणून? तसं नाही. आपल्या सगळ्यांच्या डोक्यात असतं, माझ्याही असतं. पण 'मला आधीच माहीत आहे' असं वाटलं की ही बाई थांबते आणि विचारते. परक्याच्या दारात जाऊन विचारते आणि आपल्या माणसाच्या दारातही जाऊन विचारते. यातलं दुसरं अवघड आहे. मी त्या दिवशी हातखंब्याला त्यांच्या शेजारी बसले होते. ते मी पाहिलं आहे.

आता मॅडमच्या यजमानांची बदली सोलापूरला झाली आहे, आणि त्या चालल्या आहेत. मॅडम, तिथं तुम्हाला बांगडा मिळायचा नाही, पण विचारायला घरं पुष्कळ मिळतील. झाराची एक गोष्ट तुम्हाला सांगायला तिनं बजावलं आहे. तिला पुढं मानसशास्त्र घ्यायचं आहे. तिच्या अब्बांनी जहाजावरून विचारलं, "कशाला?" ती म्हणाली, "शाळेत काय होतं ते विचारायला."

शेवटी अध्यक्ष साहेबांना एक विनंती, आणि ती सगळ्यांसमोर करते, म्हणजे कामकाजात मागे पडायची नाही. हार झाला, शाल झाली, श्रीफळ झालं. जूनमध्ये त्या समुपदेशनाच्या खोलीत कोण बसणार? कानावर असं आलं आहे की जागा भरायची नाही, आणि तिथं झेरॉक्सचं मशीन ठेवायचं आहे. साहेब, झेरॉक्स गेटसमोर मिळते. आमच्या पोरांना थांबून विचारणारं माणूस गेटसमोर मिळत नाही. तेव्हा त्या खोलीत माणूस बसवा.

मला बोलायला दिलंत याबद्दल संस्थेची, नागवेकर सरांची आणि आपण सर्वांनी शांतपणे ऐकून घेतलंत त्याबद्दल आपली मी आभारी आहे. अंगणवाडीत बोलायची सवय, त्यामुळे कुठं आवाज चढला असेल, व्यासपीठाचा मान राखण्यात काही उणं राहिलं असेल, कुणाला लागलं असेल, तर पोटात घाला. खोलीचं उत्तर मात्र साहेबांनी आज इथंच द्यावं. ते ऐकायला मी पहिल्या रांगेतच बसते आहे.